चरित्रनटी ललिताबाई पवार

सन २०२० च्या मार्चअखेरीस देशभर टाळेबंदी पुकारली गेली, आणि आमच्या वाईच्या वाड्यांत लहानथोर मिळून अकरा माणसें एका छपराखालीं अडकून पडलीं. त्याच सुमारास दूरदर्शननें रामानंद सागर यांची 'रामायण' ही मालिका पुन्हां दाखविण्यास आरंभ केला. ती प्रथम १९८७ च्या जानेवारींत सुरू होऊन १९८८ च्या जुलैंत संपली होती. तेव्हां ज्या मुलांना मांडीवर घेऊन आम्हीं ती पाहिली, त्यांचीं मुलें आतां आमच्या मांडीवर होतीं. एके दिवशीं पडद्यावर मंथरा आली, आणि माझ्या पुतण्याच्या आठ वर्षांच्या मुलानें मला विचारलें, "आजोबा, ही आजी खरोखरच इतकी वाईट होती का हो?"

कैकेयीची दासी वाईट होती कीं काय, हें त्याला विचारावयाचें नव्हतें. तें काम करणारी बाई कशी होती, हें त्याला हवें होतें. "नाहीं रे, ती फार मोठी नटी होती," एवढें सांगून मीं वेळ मारून नेली. परंतु हाच प्रश्न आमच्या घरांत पूर्वीं एकदां निघाला होता, आणि त्या वेळीं मीं दिलेलें उत्तर आठवलें म्हणजे मला आजही संकोच वाटतो. शाळामास्तर म्हणून आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांचीं उत्तरें तांबड्या शाईनें तपासलीं. हें एक स्वतःचें उत्तर तपासावयाचें राहून गेलें होतें. तें तपासण्यापूर्वीं मात्र त्या बाईंची हकीकत सांगितली पाहिजे, कारण आजच्या तरुण वाचकांस त्यांचें नांव ठाऊक असलें तरी त्यापलीकडे फारसें कांहीं ठाऊक असेल असें वाटत नाहीं.

ललिताबाईंचा जन्म १८ एप्रिल १९१६ चा. नाशिक जिल्ह्यांतील येवलें हें त्यांचें जन्मगांव, माहेरचें नांव अंबा, आणि वडील लक्ष्मणराव सगुण हे रेशमी व सुती कापडाचे व्यापारी. बालवयांतच, १९२८ सालच्या 'राजा हरिश्चंद्र' या मूकपटांत त्यांनीं पहिलें काम केलें. (हा दादासाहेब फाळके यांचा १९१३ चा सुप्रसिद्ध चित्रपट नव्हे. हरिश्चंद्राच्या सत्त्वाची परीक्षा विश्वामित्रानें एकदांच घेतली. मूकपटवाल्यांनीं ती पुनःपुन्हां घेतली!) पुढें वयांत आल्यावर त्या नायिका झाल्या. पवार हें नांव त्यांना मिळालें तें दिग्दर्शक गणपतराव पवार यांच्याशीं झालेल्या विवाहामुळें. त्या काळांत नायिकेनें घोड्यावर बसावें, तलवार फिरवावी, गाणेंही म्हणावें अशी अपेक्षा असे, आणि ललिताबाईंनीं ती पुरी केली.

येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती सहसा कोणी सांगत नाहीं. १९३२ सालच्या 'कैलास' या मूकपटांत त्या केवळ नायिका नव्हत्या, तर निर्मितींतही भागीदार होत्या. पुढें १९३७ सालीं त्यांनीं 'दुनिया क्या है' हा बोलपट काढला. त्याचें कथानक टॉल्स्टॉयच्या 'पुनरुत्थान' या कादंबरीवर आधारलेलें होतें. एका सरदारानें नासविलेली दासी पुढें वेश्या होते, खुनाच्या आरोपाखालीं न्यायालयासमोर उभी राहते, आणि पंचांत तोच सरदार बसलेला असतो, अशी ती कथा. एकवीस वर्षांच्या मराठी मुलीनें हा विषय निवडावा आणि त्यांत पैसा घालावा, यावरून ती कसल्या मातीची होती तें कळतें. त्यानंतर भालजी पेंढारकरांचा 'नेताजी पालकर' (१९३९) आणि वि. स. खांडेकर यांच्या कथेवरील मास्टर विनायकांचा 'अमृत' (१९४१) असे चांगले चित्रपट त्यांना मिळाले. वय पंचवीस, नांव झालेलें, पुढचीं दहा-पंधरा वर्षें नायिकेचीं म्हणून धरावयास हरकत नव्हती.

आणि १९४२ सालीं तो प्रसंग घडला. 'जंग-ए-आझादी' या चित्रपटाचें चित्रण चालू होतें. सहनटानें त्यांच्या थोबाडींत मारावी असें दृश्य होतें. सहनट होते मास्टर भगवान, जे पुढें 'अलबेला'मुळें घरोघर ठाऊक झाले. नाटकांत चपराक कशी द्यावयाची याचे कांहीं संकेत असतात. हात गालापर्यंत येतो आणि आवाज दुसरीकडून निघतो. येथें तसें कांहीं झालें नाहीं. हात पुऱ्या जोरानें बसला. बाईंच्या डाव्या डोळ्यांतील शीर फुटली आणि चेहऱ्यास अर्धांगवायु झाला. मनांत दुष्टावा कोणाच्याच नव्हता. तो अपघात होता. पण अपघाताचें मोल जिला द्यावें लागलें, तिला तें पुऱ्या आयुष्यानें द्यावें लागलें. कांहीं वर्षें औषधोपचार चालले, चेहरा पुष्कळसा ताळ्यावर आला, डावा डोळा मात्र कायमचा बारीक झाला. नायिकेचें आयुष्य तेथें संपलें.

संस्कृत शिकविणारा मास्तर म्हणून येथें थोडें विषयांतर करतों. भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत डोळ्यांना किती महत्त्व दिलें आहे, तें त्यांच्या गणनेवरूनच कळतें. आठ रसांच्या आठ दृष्टि, आठ स्थायी भावांच्या आठ, आणि संचारी भावांच्या वीस, मिळून छत्तीस दृष्टि त्यांनीं सांगितल्या आहेत. त्याखेरीज बाहुल्यांचीं कर्में निराळीं, पापण्यांचीं निराळीं, भिवयांचीं निराळीं. हें सारें दोन धडधाकट डोळे गृहीत धरून सांगितलें आहे. ज्या नटीचा एक डोळा अर्धा मिटलेला, तिनें काय करावें, याचें उत्तर त्या ग्रंथांत नाहीं. तें ललिताबाईंना स्वतः शोधावें लागलें. त्यांनीं तें व्यंग लपविण्याचा यत्न सोडून दिला. उजवा डोळा पूर्ण उघडा आणि डावा किंचित् मिटलेला, अशी जी मुद्रा होई, तींत पाहणाऱ्यास एकाच वेळीं दोन भाव दिसत: समोरच्याशीं गोड बोलणें आणि आंत कांहीं तरी मोजीत राहणें. दुसऱ्या नटीला जो भाव प्रयासानें आणावा लागेल, तो यांच्या चेहऱ्यावर वस्तीलाच आला होता. मग त्यांना नुसती मान वळवून थांबलें तरी पुरे होई. माझ्या मतें त्यांच्या कलेचें मर्म त्या थांबण्यांत होतें. आरडाओरड करणाऱ्या सासवा चित्रपटांत पुष्कळ झाल्या, पण बोलण्यापूर्वीं क्षणभर थांबून सुनेकडे पाहणारी सासू एकच.

१९४४ सालीं प्रभात कंपनीचा 'रामशास्त्री' आला. गजानन जागीरदार यांचे रामशास्त्री, आणि ललिताबाईंची आनंदीबाई. मराठी मनाला आनंदीबाईइतकी नावडती दुसरी स्त्री इतिहासांत नसेल. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा वध झाला आणि 'ध'चा 'मा' करण्याचें पाप लोकांनीं कायमचें तिच्या पदरांत बांधलें. अशी भूमिका पत्करणें म्हणजे लोकांचा रोष विकत घेणें होय. ललिताबाईंनीं ती पत्करली, आणि येथून पुढें त्या चरित्रनटी म्हणून ओळखल्या जाऊं लागल्या.

सासूचा शिक्का त्यांच्यावर पक्का बसला तो १९५० सालच्या व्ही. शांताराम यांच्या 'दहेज' या चित्रपटानें. मुलीचा बाप पृथ्वीराज कपूर, मुलगी जयश्री, आणि हुंड्यासाठीं सुनेचा जीव नकोसा करणारी सासू ललिताबाई. बाप सर्वस्व विकून हुंडा घेऊन येतो. मरणोन्मुख मुलगी त्याला सांगते कीं तुम्हीं सर्व आणलेंत, पण कफन आणावयास विसरलांत. हें दृश्य पाहून त्या काळच्या बायका चित्रगृहांत हुंदके देत, असें मीं वडीलधाऱ्यांकडून ऐकलें आहे. हुंड्यास बंदी करणारा केंद्राचा कायदा त्यानंतर अकरा वर्षांनीं, १९६१ सालीं झाला. आमच्या समाजांत त्या वेळीं हुंड्यास 'हुंडा' न म्हणतां 'वरदक्षिणा' म्हणत, आणि त्या संस्कृत नांवामुळें पुष्कळांच्या सदसद्विवेकबुद्धीची सोय होई. असो. सांगावयाचें तें हें कीं ज्या घरांत हुंडा घेतला गेला होता, तीं घरें देखील त्या सासूला शिव्या देऊन मोकळीं झालीं. एका नटीच्या डोक्यावर सर्वांचें पाप ठेवणें फार सोपें होतें.

पुढील दहा-पंधरा वर्षांतील त्यांचीं कामें पाहिलीं म्हणजे हा शिक्का किती खोटा होता तें कळून येतें. १९५२ सालच्या 'दाग'मध्यें मुलाच्या दारूपायीं झिजणारी आई त्यांनीं केली. १९५५ सालच्या 'श्री ४२०'मध्यें त्या मुंबईच्या फुटपाथवर केळीं विकणारी गंगामाई झाल्या. जिभेची तिखट, पण परक्या मुलाला पोटच्या मुलासारखें जवळ करणारी. त्याच सालीं गुरुदत्तांच्या 'मिस्टर अँड मिसेस ५५'मध्यें पुरुषांचा व विवाहाचा तिटकारा करणारी श्रीमंत आत्या सीतादेवी त्यांनीं उभी केली. हिंदूंस घटस्फोटाचा हक्क देणारा विवाह-कायदा त्याच वर्षीं झाला होता, आणि चित्रपटाचा सारा ओढा त्या आत्याची थट्टा करण्याकडे आहे. आज तो पाहतांना मला तिच्या बोलण्यांतील निम्मीं वाक्यें पटतात, आणि तीं पटतात याचें श्रेय लेखकाचें नसून ललिताबाईंचें आहे. त्यांनीं त्या बाईला मूर्ख होऊं दिलें नाहीं.

हृषीकेश मुखर्जी यांच्या 'अनाडी'मधील (१९५९) मिसेस डिसा ही त्यांची सर्वोत्कृष्ट भूमिका, असें पुष्कळ जाणकार मानतात, आणि मीही त्यांतलाच आहें. भाडेकरू तरुणावर सदा खेंकसणारी आणि त्याच्यासाठीं जीव टाकणारी ती ख्रिस्ती घरमालकीण भेसळीच्या औषधानें मरते, तेव्हां तिचें खेंकसणें बंद झालें याचेंच प्रेक्षकाला रडूं येतें. त्या कामाबद्दल त्यांना सहाय्यक अभिनेत्रीचें फिल्मफेअर पारितोषिक मिळालें, आणि १९६१ सालीं संगीत नाटक अकादमीनें त्यांचा गौरव केला. पुढें 'जंगली'मध्यें (१९६१) घरांत हंसण्यास बंदी करणारी करारी आई त्यांनीं केली, तर 'प्रोफेसर'मध्यें (१९६२) अशीच करारी पालक-बाई एका म्हाताऱ्या शिक्षकाच्या प्रेमांत पडून लाजूं लागते. तो म्हातारा म्हणजे वेष पालटलेला तरुण शम्मी कपूर, म्हणून प्रेक्षक पोट धरून हंसतात. पण उतारवयांत जागें झालेलें तें मन ललिताबाईंनीं इतक्या हळुवारपणें दाखविलें आहे कीं हंसतां हंसतां आपणांसच ओशाळें व्हावें. आणि १९७१ सालीं 'आनंद'मध्यें रुग्णालयाच्या मेट्रनचें जें छोटें काम त्यांना आलें, त्या मेट्रनचें नांवही डिसा, आणि दिग्दर्शकही तेच हृषीकेश मुखर्जी. पहिल्या मिसेस डिसाला बारा वर्षांपूर्वीं मरूं दिल्याची जणूं त्यांनीं भरपाई केली!

इतकें असूनही घरोघर नांव राहिलें तें खाष्ट सासूचें. 'ललिता पवार' हें विशेषनाम न राहतां सामान्यनाम झालें. आतां मला आमच्या घराकडे वळलें पाहिजे.

आमच्या वाड्यांत माझी थोरली काकू कर्ती होती. काका ऐन उमेदींत गेले. त्यांच्या मागें तिनें दोन मुलगे, धाकटे दीर, जावा आणि पुढें सुना, असें चौदा-पंधरा माणसांचें घर चालविलें. कोठीच्या किल्ल्या तिच्या कमरेला असत. दुधाचा हिशेब, पापडाच्या उडदांचा हिशेब, सोंवळ्याचा धाक, सारें तिच्याकडे. मी मॅट्रिक होऊन नुकताच मोकळा झालों होतों, त्या सुट्टींत एक चित्रपट पाहून आलों, आणि त्याच संध्याकाळीं दूध उतूं गेलें म्हणून काकू नव्या वहिनीला बोलत असलेली ऐकली. "आमच्या घरची ललिता पवार!" असें मीं माजघरांत हळूच म्हटलें. सारे हंसले. त्या हंसण्यानें मला फार बरें वाटलें. तें नांव वाड्यांत रूढ झालें. तिच्यासमोर कोणी उच्चारीत नसे, पण पंधरावीस माणसांच्या घरांत कोणतें नांव कोणाच्या कानापर्यंत जात नाहीं?

१९८७ सालीं रविवारीं सकाळीं 'रामायण' लागे. माझी तेव्हां नुकतीच शाळेंत नोकरी कायम झाली होती. आमच्याकडे कृष्णधवल संच होता. शेजारपाजारचीं माणसें आंघोळी उरकून माजघरांत येऊन बसत, आणि कोणी तरी संचाला फुलें वाहून ठेवी. बाळ धुरी दशरथ व जयश्री गडकर कौसल्या, हें खरोखरीचें मराठी जोडपें तेथें राजा-राणी म्हणून बसलेलें पाहण्याचें बायकांना विशेष कौतुक होतें. पद्मा खन्ना कैकेयी होत्या. आणि वांकलेल्या पाठीची मंथरा आली, ती ललिताबाई. वय एकाहत्तरीच्या घरांत. चित्रगृहांतील तो प्रचंड चेहरा आतां दीड वितीच्या कांचेंत मावला होता, आणि हातभर अंतरावरून दिसत होता. तो बारीक डोळा पाहतांच एका मुलानें विचारलें, "ही कोण?" दुसऱ्यानें उत्तर दिलें, "आपली काकूआजी!" माजघरांत हंशा पिकला. मग पहिल्यानें निरागसपणें मला विचारलें, "ती खरोखर वाईट आहे का?" आणि मी, संस्कृतचा मास्तर, म्हणालों, "वाईट असल्याशिवाय इतकें हुबेहूब कसें करतां येईल?" पुन्हां हंशा झाला.

काकू उंबऱ्याशीं जपमाळ घेऊन बसली होती. ती उठून गेली असती तर मला कमी लागलें असतें. ती उठली नाहीं. शेवटपर्यंत पडद्याकडे पाहत बसली.

रात्रीं मी अंगणांत पाय धुवावयास गेलों तेव्हां ती तेथें होती. ती रागावली नव्हती. म्हणाली, "सकाळीं तूं बोललास तें बरोबर नाहीं. ती बाई वाईटपणा करीत नाहीं रे. तिला भीति वाटते. जिच्या आधारानें आपण ह्या घरांत आलों, तिचीच सत्ता गेली, तर आपल्याला कोण विचारणार, ही ती भीति. त्या बारीक डोळ्यांत ती दिसते. तुम्हां पुरुषांना नाहीं दिसावयाची." आणि थोड्या वेळानें म्हणाली, "सुना आल्या तेव्हां मलाही वाटायची."

मला कांहीं बोलतां आलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं पहाटे मीं वाल्मीकिरामायणाचें अयोध्याकांड काढलें. तुळसीदासांनीं मंथरेची बुद्धि देवांच्या सांगण्यावरून सरस्वतीनें फिरविली असें सांगून तिचा दोष हलका केला आहे. वाल्मीकीनें तसें कांहीं केलेलें नाहीं. तेथें मंथरा ही कैकेयीच्या माहेरहून आलेली, तिच्याजवळच राहिलेली दासी. प्रासादाच्या गच्चीवरून ती शृंगारलेली अयोध्या पाहते, रामाच्या दाईला विचारते, आणि राज्याभिषेकाची वार्ता घेऊन धांवत येते. कैकेयी आनंदानें तिला दागिना देते. ती तो फेंकून देते. मग ती जो युक्तिवाद करते, त्यांत एके ठिकाणीं ती म्हणते कीं आम्हांसह तूं कौसल्येची सेविका होशील. 'आम्हांसह'! हा शब्द मीं अनेकदां वाचला होता, त्याची विभक्ति मुलांना सांगितली होती, त्याच्या योगानें येणाऱ्या तृतीयेचा नियम पाठ करून घेतला होता. परंतु त्यांत एका म्हाताऱ्या दासीची सारी धास्ती भरलेली आहे, हें मला कधीं दिसलें नव्हतें. तें काकूला एका नटीच्या डोळ्यांत दिसलें होतें, आणि काकूनें मूळ संस्कृत रामायण कधीं वाचलें नव्हतें.

मंथरेचा भाग वाल्मीकींत किती? सातव्या सर्गापासून नवव्यापर्यंत, आणि पुढें भरत अयोध्येस परत आल्यावर एकदां. तेथें शत्रुघ्न तिला फरफटत ओढतो, आणि भरत त्याला आवरतो कीं स्त्रिया अवध्य आहेत, आणि हिला मारल्याचें कळलें तर राम आपल्याशीं बोलणारही नाहीं. नवव्या सर्गांत कैकेयी तिच्या कुबडाचीसुद्धां स्तुति करते; त्या कुबडांत बुद्धि व राजनीति सांठविली आहे असें म्हणून त्याला सोन्याची माळ घालण्याचें वचन देते. एवढीच ती भूमिका. पण ती काढून टाकली तर वनवास नाहीं, सीताहरण नाहीं, रावणवध नाहीं. ज्याला आतां चरित्रभूमिका म्हणतात ती हीच. ललिताबाईंनीं शेंकडों चित्रपटांत तीच केली: जाहिरातीवर नांव खालीं, कथेचा भार मात्र त्यांच्यावर.

त्यानंतर वर्षा-दीड वर्षानें दूरदर्शनवर एकदां 'अनाडी' लागला. मुलें झोंपलीं होतीं. काकू मिसेस डिसाचें खेंकसणें ऐकून पदर तोंडाला लावून हंसत होती, आणि शेवटीं डोळे पुशीत होती. "ही पण तीच का रे?" तिनें विचारलें. मीं होय म्हटलें. "मग मुलांना उठवायचेंस," ती म्हणाली, "हें त्यांना दाखवायला हवें होतें."

वाड्यांतून तें टोपणनांव मीं घालविण्याचा यत्न केला, पण एकदां हंशा मिळविलेलें नांव तसें सहज जात नाहीं. थोरल्या वहिनीनें मात्र, जिला दुधावरून बोलणीं बसलीं होतीं तिनेंच, एके दिवशीं मुलांना दटावून तें बंद केलें.

ललिताबाई २४ फेब्रुवारी १९९८ रोजीं पुण्यास औंध येथें वारल्या. मुखाच्या कर्करोगानें त्या जर्जर झाल्या होत्या. ज्यांनीं पडद्यावर इतकीं भरलेलीं घरें हांकलीं, त्यांच्या अंतकाळीं घरांत जवळ कोणी नव्हतें, असें वर्तमानपत्रांत आलें होतें. काकूला तेव्हां मोतीबिंदूमुळें अक्षर दिसत नसे. रोजचें वर्तमानपत्र मी तिला वाचून दाखवीं. ही बातमी मीं जरा चांचरतच वाचली.

"वय काय होतें?" तिनें विचारलें.

"ब्याऐंशीला दोन महिने कमी."

"माझ्याहून दोन वर्षांनीं वडील," ती म्हणाली. मग थोडा वेळ थांबून तिनें विचारलें, "आणि जवळ कोणीच नव्हतें?"

"असें लिहिलें आहे."

तिनें थोरल्या वहिनीला हांक मारली आणि बंबांत पाणी घालावयास सांगितलें. वहिनी आश्चर्यानें म्हणाली, "सकाळींच झालें ना तुमचें स्नान?"

"झालें," काकू म्हणाली, "पुन्हां करावयाचें आहे."